भीती दाखवणाऱ्यांचं देणं

नारायण धारपांची पुस्तकं आमच्या घरी एसटीनं यायची. अण्णा कंडक्टर होते. घर तळोद्याला, ड्यूटी बहुतेक नंदुरबारच्या गाडीवर. स्टँडपासून जवळच एक वाचनालय होतं आणि दोन फेऱ्यांमधल्या मोकळ्या वेळात अण्णा तिथे पंख्याखाली पेपर वाचत बसत. स्वतः त्यांनी कधी कादंबरी हातात धरली नाही. पण आपली सातवीतली मुलगी किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा वाचून काढते, हे त्यांनी तिथल्या ग्रंथपालांना कधीतरी सांगितलं असणार. कारण एका संध्याकाळी तिकिटांच्या पेटीबरोबर एक पुस्तक घरी आलं. वाचनालयाची जाड बांधणी, वर चित्र नाही, पुठ्ठ्यावर शाईनं लिहिलेला क्रमांक आणि ‘धारप’ एवढीच अक्षरं.

आत धारपांचे कथानायक समर्थ होते आणि त्यांच्या हकिकती सांगणारे अप्पा जोशी होते. धारप सुरुवातीला काहीच करत नाहीत. भाड्यानं घेतलेली खोली, ऑफिसातून परतलेला नवरा, स्टोव्हवरचा चहा, असं सगळं आपल्या ओळखीचं मांडतात आणि त्यातली एकच वस्तू जागेवरून किंचित हलवतात. धारप विज्ञान शिकलेले होते आणि ते त्यांच्या लिहिण्यात दिसतं. अघटितालाही ते नियम लावतात, कार्यकारणभाव देतात. समर्थ अंगारे-धुपारे करत हिंडत नाहीत, आधी नीट ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, मग उपाय सांगतात. तळोद्याच्या मुलीला तर त्या कथांमधल्या भुतांइतकीच शहरातल्या चाळींची आणि भाड्याच्या खोल्यांची नवलाई होती. पानांना डिझेलचा वास असायचा. हिवाळ्यात नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल झाल्या की त्या वाटेनं आलेल्या पुस्तकाला मिरचीचा खाट यायचा, आणि ऐन भीतीच्या ठिकाणी मला शिंका सुटायच्या.

अशाच एका पुस्तकाचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. समर्थ दाराशी पोहोचलेत, आत ती मुलगी आहे, आणि पुढे थेट मागचा पुठ्ठा. मी रात्रभर जागी. सकाळी अण्णा पहिल्या गाडीला निघाले तेव्हा ते पुस्तक त्यांच्या हातात देऊन मी म्हटलं, “शेवट विचारून या.” अण्णांनी खरंच विचारलं. संध्याकाळी पुस्तक परत आलं तेव्हा फाटलेल्या कडेला खळीनं एक कोरा कागद चिकटवलेला होता. त्यावर सुरेख, जरा मागे झुकलेल्या अक्षरात पुढची सगळी गोष्ट लिहिली होती, आठवणीतून. खाली वाचनालयाचा गोल शिक्का आणि बारीक अक्षरात ‘कंडक्टरसाहेबांच्या मुलीसाठी’. ज्या माणसानं मला पाहिलं नव्हतं, त्यानं दुपारची झोप सोडून माझ्यासाठी शेवट लिहून काढला होता. पुढे मूळ पुस्तकाची धड प्रत मिळाली तेव्हा ताडून पाहिलं. त्यांनी एकही प्रसंग चुकवला नव्हता.

अकरावीला नंदुरबारच्या कॉलेजात गेले तेव्हा मी पहिल्यांदा त्या वाचनालयाची पायरी चढले. ग्रंथपाल काका टेबलाशी बसून जुन्या मासिकांची पानं डकवत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, उठून आतल्या कपाटाकडे गेले आणि रत्नाकर मतकरींचं ‘गहिरे पाणी’ आणून समोर ठेवलं. “धारप बाहेरून येणारं दाखवतात. हे आतलं दाखवतात. आता तू मोठी झालीस, हे वाच.” एवढंच बोलले आणि पुन्हा खळीच्या वाटीत ब्रश बुडवला.

मतकरींनी मला धारपांपेक्षा जास्त जागवलं. ते वीस वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरी करत होते आणि १९७८ साली ती सोडून पूर्ण वेळ लेखक झाले. त्यांच्या कथांमधली माणसं अगदी त्या बँकेच्या काउंटरवरून उठून आल्यासारखी वाटतात. स्वतःच्या कथांना ते गूढकथा म्हणत, भयकथा हा शब्द त्यांना पुरा वाटत नसे. त्यात भूत असेलच असं नाही. कुणाचा तरी मत्सर, कुणाची तरी वर्षानुवर्षं दाबलेली इच्छा, आणि ती पुरी होण्याची किंमत. त्यांची ‘खेकडा’ वाचून मी पुस्तक पालथं घालून उशाखाली न ठेवता लांब ट्रंकेवर ठेवलं होतं. काकांनी लावून दिलेला हा क्रम, आधी धारप आणि मग मतकरी, मला आजही बरोबर वाटतो. कुणी विचारलं तर मी तोच सांगते.

मी या प्रकारातली जाणकार नाही. माझ्याकडे दुर्मीळ आवृत्त्या नाहीत, जगातले सगळे भयपट मी पाहिलेले नाहीत. शाळा, घर, आजारपणं, लग्नकार्यं यातून रात्री उरलेला तासभर माझा, आणि त्या तासात मला भीती वाटून घ्यायला आवडतं. दिवसभराच्या काळज्यांना टोक नसतं, त्या पसरत जातात. गोष्टीतली भीती मात्र एका ठिकाणी गोळा होते, वाढते, फुटते आणि संपते. मग झोप चांगली लागते. ही आवड ज्यांनी ज्यांनी लावली आणि तिला वळण दिलं, त्या माणसांबद्दल लिहायचं आहे.

त्यात पुस्तकांच्याही आधी येते ती मोठी माय, माझी आजी. तळोद्याच्या उत्तरेला सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. तिथे अश्वत्थाम्याचं ठाणं मानतात. दिवाळीच्या दिवसांत, धनत्रयोदशीच्या सुमाराला, गुजरात-मध्य प्रदेशातूनही माणसं येतात आणि तळोद्याहून जथ्याजथ्यानं, रात्रीच्या अंधारात, जंगलातून चालत वर जातात. मोठी माय आम्हाला त्या दिवसांत अश्वत्थाम्याची गोष्ट सांगायची. महाभारतातलं सौप्तिक पर्व म्हणजे अस्सल भयकथाच आहे: युद्ध संपलंय, छावणी झोपलीय, आणि एक माणूस अंधारात शिरून झोपलेल्यांना मारत सुटतो, द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. मग कपाळावरचा मणी काढून घेतात आणि कृष्णाचा शाप मिळतो, तीन हजार वर्षं एकट्यानं भटकण्याचा. आमच्याकडची समजूत अशी की तो अजून या डोंगरांत फिरतो, कपाळाची जखम ओली आहे आणि भेटेल त्याच्याकडे जखमेवर घालायला तेल मागतो.

कंदील बारीक करून मोठी माय तो कसा येतो ते सांगायची. पाचोळ्यावर पावलं, मग थांबलेली पावलं, मग दाराच्या फटीतून आवाज. आम्ही पोरं गोधडीत एकमेकांना घट्ट धरून. आणि आता किंचाळायचंच, अशा वेळी ती आवाज अगदी साधा करून म्हणायची, “भ्याऊ नको, पोर. तो तेल मांगस, जीव मांगत नही.” त्या रात्री ओट्यावर तेलाची एक वाटी भरून ठेवलेली असायची. ज्यानं पाच पोरं मारली त्याच्यासाठी तेल का ठेवायचं, असं माझ्या भावानं एकदा विचारलं होतं. तिनं सांगितलं की त्याचा न्याय देवानं केलाय, आपल्याला त्याचं कपाळ दिसतं. एवढं बोलून ती वाती वळायला लागली. पुढे किती पुस्तकं वाचली, सिनेमे पाहिले, पण भयाच्या गोष्टीत ज्याची भीती वाटते त्याला काय दुखतंय हे शोधायची सवय तिथूनच लागली. चांगल्या लेखकांच्या गोष्टीत ते सापडतं. सुमार गोष्टीत नुसता मुखवटा असतो.

मुखवट्यांचीही मजा मी भरपूर घेतली आहे. गल्लीत वर्गणी काढून भाड्यानं व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही यायचा आणि रात्रभरात तीन पिक्चर बघायचे. त्यातला एक रामसे बंधूंचा असणारच. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ मी असाच पाहिला, अंगणात, पोत्यावर बसून, मागे लिंबाच्या झाडाची सावली हलत असताना. सामरी राक्षसाचं धडावेगळं केलेलं शिर जिच्यात बंद आहे ती पेटी उघडते तेव्हा आमच्यातली निम्मी पोरं पळाली होती. रामसे हे फाळणीनंतर कराचीहून आलेलं कुटुंब. वडिलांचं तिकडे रेडिओचं दुकान होतं. इथे सात भावांनी दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, लेखन अशी कामं वाटून घेतली. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला जाऊन, सरकारी विश्रामगृहात राहून केला. घरच्या माणसांनी घरच्या खर्चात केलेला सिनेमा होता तो, आणि आमच्यासारख्या मोठ्या टॉकीजांपासून लांबच्या गावांनीच त्याला पोसलं. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या लेखी यात्रा म्हणजे तंबूतला सिनेमा, आणि अण्णांनी घेऊन दिलेली गरम जिलेबी हातात घेऊन पडद्यावरच्या हवेलीत दिवा विझण्याची वाट बघणं.

नोकरी लागली ती धडगाव भागातल्या एका आश्रमशाळेत. चांदसैलीचा घाट चढून गाडी वर गेली की भाषा बदलते. पोरी पावरीत बोलायच्या, मी मराठीत, आणि दोन्हींच्या मधे आमचे एक ज्येष्ठ गुरुजी उभे असायचे, स्वतः पावरा, त्याच भागातल्या एका पाड्यावरचे. मी वसतिगृहाच्या पोरींना रात्री गोष्टी सांगते हे कळल्यावर ते एक दिवस व्हरांड्यात येऊन बसले. गोष्ट संपेपर्यंत ऐकली. पोरी आत गेल्यावर म्हणाले, “बाई, गोष्ट सांगा. भुताची सांगा, पोरींना आवडते, मलाही आवडली. फक्त एक करा. त्यात एकटी म्हातारी आणू नका.”

का, ते मला त्याच पावसाळ्यात दिसलं. एका पाड्यावर एक मूल तापानं फणफणलं होतं आणि ताप उतरत नव्हता. पाड्याच्या टोकाला एक विधवा राहायची, मूलबाळ नाही, नावावर थोडी जमीन. कुजबुज सुरू झाली की ती डाकीण आहे. सातपुड्याच्या या पट्ट्यात ज्यांनी काम केलंय त्यांना हा क्रम पाठ आहे. आधी आजार किंवा गुरं मरणं, मग कुणीतरी जाणता बोट दाखवतो, आणि बोट नेमकं अशा बाईकडे वळतं जिच्या मागे कुणी उभं राहणार नाही. जमीन, भाऊबंदकी, जुनं भांडण हे त्याखाली असतंच. मारहाण होते, गाव सोडायला लावतात, जीवही जातात.

गुरुजींनी भाषण केलं नाही. ते नर्सबाईंना घेऊन पाड्यावर गेले, मुलाच्या बापाला राजी केलं आणि पोराला झोळीत घालून खाली दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. मूल दवाखान्यात असेतोवर गुरुजी रात्री त्या विधवेच्या ओट्यावर खाट टाकून झोपत होते. शाळा सुटली की हातात बॅटरी, खांद्यावर घोंगडी, आणि पाच-सहा किलोमीटरची चढण. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. म्हातारीनं आम्हाला महूच्या पानावर भाजलेलं मक्याचं कणीस दिलं. तिचे हात थरथरत होते. अंधार पडू लागला तसं तिनं दाराला आतून मुसळ लावलं, आणि ज्या भीतीची मी रोज रात्री मजा घेत होते, ती भीती खऱ्या माणसाच्या अंगात कशी असते हे मी तिथे पाहिलं. मूल बरं होऊन आलं. कुजबुज थांबली. म्हातारी तिच्या घरातच राहिली आणि तिथेच, तिच्या वयानं, गेली.

तेव्हा यासाठी वेगळा कायदा नव्हता. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. आज एखादीला चेटूक करते म्हणून छळणं हा सहा महिने ते सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे. गुरुजींनी ती बातमी ऐकली तेव्हा ते निवृत्त झाले होते. कायद्याची प्रत मिळवून त्यांनी ती पावरीत पाड्यापाड्यावर वाचून दाखवली.

मला कुणी कुणी विचारतं की असल्या भागात नोकरी करून तुम्हाला भुताचे सिनेमे बघवतात कसे. मला ते बघवतात. ज्याला गोष्टीतली भीती नीट ठाऊक आहे, ती कशी रचतात, आवाज कुठे थांबवतात, दार कधी उघडतात हे ज्यानं शंभरदा अनुभवलंय, त्याला गावात कुणी भीती रचायला लागलं की ती चटकन ओळखू येते. गुरुजीही रामसेंच्या सिनेमांचे शौकीन होते. सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अगरवाल खरे इंजिनिअर आहेत हे मी सांगितलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आख्ख्या सातवीच्या वर्गाला सांगितलं.

एकट्या म्हातारीचा नियम मी पुढे कायम पाळला. त्यातून माझ्या गोष्टी सुधारल्याच, कारण सोपं साधन हातातून गेलं. चेटकीण हवीच असेल तर मतकरींची चिंची घ्यावी. ‘अलबत्या गलबत्या’ या त्यांच्या बालनाट्यातली ही चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, अलीकडे वैभव मांगल्यांनी, आणि ती आली की थिएटरभर मुलं आरडाओरडा करून तिच्याशी भांडतात. मुलांच्या भीतीला असं मोकळं अंगण करून देणं फार थोड्यांना जमलं आहे.

मतकरींचं आमच्या जिल्ह्याला आणखी एक देणं आहे, आणि ते पुस्तकांपलीकडचं आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली जी ३३ गावं गेली, ती सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेलीपासूनची. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरींची घरं त्या पाण्याखाली आहेत. मुंबईतला हा गूढकथाकार नर्मदा बचाओ आंदोलनाच्या बाजूनं उभा राहिला, त्यासाठी बोलत, लिहीत राहिला. हे कळल्यावर ‘गहिरे पाणी’ हे शब्द मला पूर्वीसारखे वाचता येईनात. १७ मे २०२० ला करोनानं ते गेले. बातमी आली तेव्हा सगळं बंद होतं. ग्रंथपाल काका त्याच्या आधीच गेले होते, नाहीतर पहिला फोन त्यांना केला असता.

२०२४ च्या सप्टेंबरात ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात लागला तेव्हा बहिणीची मुलगी मला सुरतेला घेऊन गेली. आम्हा नंदुरबारकरांना सुरत पुण्याहून जवळची. २०१८ साली पहिल्यांदा आला तेव्हा मी तो मोबाइलवर पाहिला होता. मोठ्या पडद्यावरचा तो कोकणातला न थांबणारा पाऊस निराळाच होता. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं, पण त्यातली साखळदंडानं बांधलेली म्हातारी धारपांच्या ‘आजी’ या कथेतून आली आहे आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची एक कथा आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना जंगलात एका मित्रानं ती गोष्ट रात्री सांगितली होती. म्हणजे किंगपासून धारपांकडे, धारपांपासून कुणा मित्राच्या तोंडी आणि तिथून पडद्यावर. धारपांनी ‘लुचाई’साठी आणि ‘शपथ’साठीही किंगकडून घेतलं, त्यावरून त्यांना नावं ठेवणारे आहेत. मला ते पटत नाही. तळोद्याच्या मुलीपर्यंत १९८५-८६ साली किंग दुसऱ्या कुठल्या वाटेनं आला असता? आणि धारपांनी त्याला आणताना आपल्या घरांत, आपल्या माणसांत आणून वसवलं.

सिनेमा सुटल्यावर भाची काहीतरी विचारात होती. लोचो खाताना म्हणाली, “मावशी, ती म्हातारी मरत नाही हीच तिची शिक्षा आहे ना? तुमच्या अस्तंब्यावाल्यासारखी?” मी इतकी वर्षं धारप वाचते, अश्वत्थाम्याची गोष्ट तर माझ्या रक्तात आहे, पण दोन्ही मी कधी शेजारी ठेवली नव्हती. मग गाडीत बसेपर्यंत आमचं तेच चाललं होतं. तिचं म्हणणं, सिनेमात सगळ्यात भयंकर तो हस्तर राक्षस आहे, कारण त्याची भूक संपत नाही. माझं म्हणणं, म्हातारी, कारण तिला कुणी मोकळं करत नाही. तिच्याजवळ जो जातो तो काहीतरी घ्यायलाच जातो. भाचीला हे मान्य नाही. तिनं मग ‘आजी’ वाचली आणि फोन करून सांगितलं की कथेतली म्हातारी वेगळी आहे, माझा मुद्दा तिथे लागूच पडत नाही. सध्या तिनं ‘शपथ’ आणि किंगचं मूळ पुस्तक दोन्ही उघडून समोर ठेवली आहेत, रोज थोडं थोडं वाचते, आणि धारपांनी कुठे वाट बदलली ते मला रात्री साडेदहाला कळवते. त्या वेळी मी दुसरं काही ठेवत नाही.